व्हर्च्युअल मेमरीचं निमित्त

३ सप्टें., बुध.
सकाळी दोन गोष्टी एकदम. रजिस्टर पोस्टानं पत्र आलं आणि कॉम्प्युटर गोठला.

पत्र चर्चच्या विवाह न्यायालयाचं. अर्जदार सेलिना. प्रतिवादी अस्मादिक. विनंती अशी की आमचा तेवीस वर्षांचा विवाह मुळात झालाच नव्हता, असं जाहीर करावं. कारण: विवाहाची मूलभूत कर्तव्यं पेलण्याची मानसिक क्षमता प्रतिवादीच्या ठायी लग्नाच्या दिवशीच नव्हती. (संपादकांना हे अठरा वर्षांपासून माहीत आहे. पण त्यांनी कधी रजिस्टर पोस्टानं कळवलं नाही.) सोबत प्रश्नावली. चौदा प्रश्न. उत्तरं ३१ ऑक्टोबरच्या आत, ‘स्वतःच्या शब्दांत’.

से. जानेवारीपासून नंदाखालला, भाऊ पास्कूकडे. आठ महिन्यांत निरोप आले ते पास्कूमार्फत. गरम कपडे पाठवा. बँकेचं पासबुक पाठवा. आता हे.

पत्र दोनदा वाचून टेबलाशी बसलो. म्हटलं, काम करावं. पुस्तकाची फाइल उघडायला गेलो. अठरा वर्षांची कात्रणं, ‘आमची ही’ सदराची, सगळी स्कॅन करून एका फाइलीत. वसईच्या प्रकाशकाला नाताळला पुस्तक हवंय. फाइल अर्धी उघडली आणि पाटी आली, मेमरी कमी पडते आहे, इतर कामं बंद करा.

इतर कामं कुठली? एकच तर होतं.

४ सप्टें., गुरु.
स्टेशनजवळच्या दुकानात मशीनची माहिती सांगितली. दुकानदार माझ्याच वयाचा, केस मात्र काळे. म्हणाला, “चार जीबी रॅम? साहेब, याला आता नमस्कार करा. दुसरं घ्या.” माझ्या घरी जुन्या वस्तूला नमस्कार करण्याची पद्धत सध्या जोरात आहे, हे त्याला कुठून कळलं.

घरी येऊन वाचत बसलो. उपाय आहे म्हणे. व्हर्च्युअल मेमरी. मला समजलं ते असं: लग्नघरी अंगण पुरलं नाही की शेजाऱ्याच्या अंगणात मांडव वाढवतात. वाढपी इकडून तिकडे पळत राहतो. सगळे जेवतात, फक्त लांबच्या पंगतीला वरण गार मिळतं. कॉम्प्युटरचंही तेच. रॅम भरली की तो डिस्कवर थोडी जागा मागून घेतो, आत्ता नको ते सामान तिकडे नेऊन ठेवतो, लागलं की आणतो. त्या मागितलेल्या जागेचं नाव पेजिंग फाइल. ती किती मोठी असावी ते आपण ठरवू शकतो.

ठरवली. सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, पुन्हा ॲडव्हान्स्ड, तिथे चेंज. पाच दारं ओलांडून आत गेलो. आधी एक आकडा होता, तो पाहिलाही नाही. ‘सुरुवातीची’ आणि ‘जास्तीत जास्त’ अशा दोन चौकटी. दोन्हीत ६०० टाकलं. सहाशे म्हणजे भरपूर. आमच्या लग्नालाही सहाशेच माणसं होती.

आता पुस्तकाची फाइल अर्धीसुद्धा उघडत नाही.

६ सप्टें., शनि.
से.ला फोन केला. मीच.

हे मशीन तिनं जोडलेलं. शाळेत एकवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते बाई. प्रत्येक स्क्रू तिच्या हातचा. त्यामुळे विचारायचं कुणाला, तर तिलाच. असं मी स्वतःला जिन्यात दोनदा सांगितलं, मग फोन लावला.

बोलणं आमच्या घरच्या बोलीत झालं. इथे शुद्ध करून लिहितोय. खोड.

“हं.”
“सायमन.”
“नाव दिसतं फोनवर.”
“मशीन अडकतंय. व्हर्च्युअल मेमरी कमी आहे म्हणतं.”
(मागे कोंबड्या.)
“कितीवर आहे?”
“सहाशे.”
“सहाशे काय?”
“सहाशे.”
“एमबी? अरे, चार जीबीच्या मशीनला सहाशे एमबी? मी रॅमइतकंच ठेवलं होतं, तेही आता पुरत नसेल. सहा हजार एकशे चव्वेचाळीस टाक.”
“तुला पाठ आहे?”
“पाठ कशाला पाहिजे? रॅमच्या दीडपट. चार हजार शहाण्णव गुणिले दीड. सातवीची मुलं करतात.”

मग तिनं मला पाच दारांतून पुन्हा आत नेलं. आकडा टाकला, ओके दाबलं, पाहिलं तर सहाशेच.
“सेट दाबलंस?”
“ओके दाबलं.”
“आधी सेट. सेट न दाबता ओके म्हणजे नुसती मान हलवणं. तुझी सवय आहे ती.”

सेट दाबलं. झालं. रीस्टार्ट मागितलं का, विचारलं. नाही म्हटलं. “मागणार नाही,” म्हणाली, आणि ठेवला.

अकरा मिनिटं. पत्राचा विषय तिनं काढला नाही, मी काढला नाही. आठ महिन्यांतलं आमचं सर्वात लांब संभाषण. त्यातला एकही शब्द छापण्यालायक नाही. किती बरं वाटलं.

८ सप्टें., सोम.
मरियामातेचा सण. मुद्दाम नंदाखालच्या चर्चला गेलो. आमचं चर्च विरारचं, पण मरियामाता काही पिनकोड बघत नाही.

से. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. निळी साडी. केस कापलेत. मिस्सा संपल्यावर अंगणात गाठलं असतं, पण त्याआधी एक जाडशा बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं, “काय गं सेलिना! या रविवारी तुझं काहीच आलं नाही पेपरात? माऊस सापडला का अखेर?” आणि हसल्या. चारजणी हसल्या. से.ही हसली. तोंडानं.

मी बदामाच्या झाडाआड. मग सरळ रिक्षा.

माऊसची गोष्ट: ‘आमची ही’मधली बाई कॉम्प्युटरला घाबरते. माऊस शिलाई मशीनच्या पायट्यासारखा जमिनीवर ठेवते, स्क्रीनला हळदकुंकू लावू का विचारते. (ख्रिस्ती बाई हळदकुंकू कुठून आणणार? पण वाचक सर्वधर्मीय, म्हणून लावलं.) कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बायकोवर विनोद होत नाहीत. न येणाऱ्या बायकोवर अठरा वर्षं होतात.

११ सप्टें., गुरु.
मशीन उत्तम चालतंय. सहा हजार एकशे चव्वेचाळीस. पुस्तकाची फाइल उघडते, पानं सरकतात. काही तक्रार नाही.

काही तक्रार नाही, म्हणजे फोनचं कारण नाही.

दुपारी पाच दारांतून आत गेलो. तिथे एक गोल आहे, ‘पेजिंग फाइल नको’. त्यावर टिंब दिलं. सेट. (शिकलो.) धोक्याची पाटी आली: ही फाइल बंद केलीत तर मोठा बिघाड झाल्यास त्याचा तपशील नोंदला जाणार नाही. चालेल?

चालेल. नोंदी ठेवूनच इथवर आलोय.

१२ सप्टें., शुक्र.
केला फोन.
“पुन्हा?”
“पुन्हा.”
“काय म्हणतं?”
“फाइल उघडताना बंद पडतं. सगळंच.”
“पेजिंग फाइल किती दिसते?”
“काहीच नाही. नो पेजिंग फाइल लिहिलंय.”
“असं कसं?” मग बराच वेळ श्वास. “व्हायरस आहे का बघ. रीस्टार्ट मागितलं होतं?”
“हो. काल.”
“बरं.”

पुन्हा आकडा, पुन्हा सेट. चौदा मिनिटं. शेवटी म्हणाली, “जेवलास?” मग लगेच, “म्हणजे, जेवून घे आणि मग स्कॅन लाव, वेळ लागतो त्याला.”

जेवलो.

१६ सप्टें., मंगळ.
पाचूबंदरची मासेवाली आली. मी नेहमीप्रमाणे दोन वाटे बोंबील काढायला सांगितले. टोपली उतरवून बसली.
“दादा, वयनी कदी येनार?”
“येईल.”
“आठ म्हयने तुमी दोगांचं घेता. एक वाटा मांजर खाते. मला मायती हाय, ती मांजर खाली येऊन मला सांगते.”
“मांजरीला बाकी काय सांगितलंय मी, तेही विचार.”
हसली नाही. “पानी द्या थोडं,” म्हणाली. पाणी पिऊन एकच वाटा ठेवून गेली. माझं न ऐकता.

१८ सप्टें., गुरु.
यावेळी निराळं केलं. पेजिंग फाइल सी ड्राइव्हवरून काढून डी ड्राइव्हवर टाकली. डी म्हणजे जुनी, घरघरणारी डिस्क. मशीन बंद पडत नाही, पण एक खिडकी उघडायला अख्खी प्रार्थना संपून आमेन म्हणेपर्यंत वेळ लागतो. प्रगती आहे. बिघाडात वैविध्य पाहिजे. सदरलेखकाला हे सांगावं लागत नाही.

से.नं आवाजावरून ओळखलं. फोनमधून. “ती घरघर कसली? डी चालू आहे का? फाइल डीवर गेली?” डॉक्टर मंडळी रुग्णाला फोनवर खोकायला सांगतात तसा तिनं मला फोन मशीनजवळ न्यायला लावला. सतरा मिनिटं.

आणि विचारलं, “एवढं काय उघडतोस रे त्याच्यावर? कॉलम तर दोन पानांचा.”
“जुनी कात्रणं.”
“कसली?”
“आहेत अशीच.”
खोटं नाही. पुरतं खरंही नाही. माझ्या सगळ्या लिखाणाची हीच जात.

२१ सप्टें., रवि.
पास्कू आला. से.चा धाकटा भाऊ. वाडीतल्या वेलची केळ्यांचा घड घेऊन. बसला, पंख्याकडे पाहिलं, घडाकडे पाहिलं.

“भावोजी, तुमच्या बिल्डिंगची लाइट बरोबर नाही का? सेली म्हणते, पंधरा दिवसांत तीनदा बिघडलं.”
“जुनं झालंय मशीन.”
“मग टाका. नाहीतर वाडीत द्या, राखणीला बसवतो. लोक घाबरतील.” हसला. मग हसू आवरलं. “पत्राला उत्तर दिलंत?”
“नाही.”
“द्या.”
“तुला वाटतं मी द्यावं?”
“मला काय वाटतं ते राहू द्या. मी केळीवाला. तिला दुसरं लग्नबिग्न नाही करायचं, हे सांगायला आलोय. गावात लोक तसं बोलतात.”
“मग हे कशाला? वेगळं राहता येतंच की.”
पास्कूनं एक केळं तोडलं, सोललं, खाल्लं नाही. “मी विचारलं तिला. म्हणाली, मोडलेलं नको, झालंच नव्हतं असं पाहिजे. मोडलेलं असलं की तुम्ही त्याच्यावर लिहाल.”

गेला. केळं तसंच ताटलीत, सोललेलं.

२७ सप्टें., शनि.
मशीन ठीक असल्यामुळे (आठवडाभर हात लावला नाही) पुस्तकाची फाइल पहिल्यापासून वाचली. पहिली तीन-चार वर्षं खरंच चांगली आहेत. तेव्हा से. पेपर आला की आधी सदर उघडायची. ओट्याशी उभी राहून वाचायची, हसून म्हणायची, “मी असं कुठे म्हटलं? पण म्हणायला पाहिजे होतं.”

मग ती कधीतरी वाचेनाशी झाली. कधी, ते कात्रणांवरून कळत नाही. माझा विनोद उलट धारदार होत गेलाय.

संपूर्ण पुस्तकात तिचं एकही वाक्य तिचं नाही. सगळी मी दिलेली. फोनवर तीनदा बोलली, त्यातलं एकेक वाक्य माझ्या पानभराला भारी आहे. सेट न दाबता ओके म्हणजे नुसती मान हलवणं. हे मला अठरा वर्षांत सुचलं नाही.

पुस्तकातलं शेवटचं कात्रण जानेवारीचं, त्यानंतरची सदरं घेतली नाहीत. ‘रिकाम्या पोटी’. डिसेंबरात तिच्या छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला दिला. आठ दिवस आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नाही. तिनं बजावलं होतं, आईला कळू देऊ नकोस, तिचं हृदय नाजूक आहे. शुक्रवारी रिपोर्ट आला, काही नाही. मला इतका आनंद झाला की तासाभरात लिहून टाकलं. हॉस्पिटलातला बाकडा, उपाशी नवरे, टोकन नंबर, ‘आमची ही’ नर्सला विचारते, गाठ निघाली तर वजनात धरणार का. संपादकांनी फोन करून सांगितलं, हसून मेलो.

रविवारी मिस्सेनंतर अंगणात कुणीतरी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. मोठ्यानं. त्यांना कळलं ते असं.

से. घरी आली, बॅग भरली. ओरडली नाही. दारात म्हणाली, “चांगली बातमी होती ना? मग ती मला सांगू द्यायची होती.”

हे मी कुठे लिहिलं नव्हतं. आज इथे पहिल्यांदा.

१ ऑक्टो., बुध.
आकडा सोळावर आणला. सोळा एमबी. याहून कमी घेतच नाही मशीन. रीस्टार्ट मागितलं, दिलं. आता ते नुसतं डोळे उघडून पडलंय.

फोन. तिनं सगळं ऐकून घेतलं. आकडा विचारला. रीस्टार्टचं विचारलं. मग म्हणाली, “हात लावू नकोस. शनिवारी शाळेला सुट्टी आहे. येते.”

येते.

४ ऑक्टो., शनि.
साडेदहाला आली. पर्समध्ये किल्ली असून बेल वाजवली.

घर झाडून ठेवलं होतं. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही. चप्पल दाराशी काढली, पाहुण्यासारखी, रॅकवर नाही. सरळ मशीनशी. मी चहा टाकला. आलं किसतच राहिलो. बावन्न वर्षांचा घोडा.

चहा घेऊन आलो तर ती पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होती.

“सोळा.”
“हो. कसं झालं कुणास ठाऊक.”
“सायमन, पेजिंग फाइल वाढवली की मशीन सहसा रीस्टार्ट मागत नाही. कमी केली की मागतं. मी दर वेळी विचारायचे. मी सांगितलेला आकडा टाकला तेव्हा मागितलं नाही. आणि बिघडायच्या आधी मात्र दर वेळी मागितलं. आपोआप आकडा कमी होत नाही. तिथे जावं लागतं, टिंब द्यावं लागतं, सेट दाबावं लागतं. पाटी येते, तिला हो म्हणावं लागतं.”

मी कप ठेवला.

“कधी कळलं?”
“दुसऱ्या वेळेला.”
“मग तिसऱ्या वेळी का उचललास?”
तिनं कप उचलला. चहा घेतला. आलं जास्त झालं होतं. म्हणाली, “आलं जास्त झालंय.” आणि हसली. मीही हसलो. दोघं मिनिटभर मूर्खासारखे हसलो. डोळे पुसले तिनं, पदरानं. या घरात असं हसून किती वर्षं झाली ते मला आठवेना. छापून खूप हसवलं, ते वेगळं.

मग तिनं मशीन नीट केलं. आकडा टाकलाच नाही. वर एक चौकोन आहे, ‘सगळ्या ड्राइव्हसाठी आपोआप सांभाळा’, त्यात खूण केली. “आता लागेल तेवढी जागा ते स्वतः घेईल, नको असेल तेव्हा सोडेल. तुला जायचं कारण नाही.” सेटसुद्धा नाही, नुसतं ओके. रीस्टार्ट.

मशीन उठलं. चालतंय का बघायला तिनं सर्वात जड फाइल शोधली. मी बघत राहिलो. थांबवता आलं असतं. ‘आमची ही, पुस्तक, अंतिम’.

उघडली. झटकन. कधी नव्हे ती.

तिनं दोन पानं सरकवली. माऊसचं कात्रण. मग शेवटचं. ते वाचलं नाही, नुसतं पाहिलं, चित्रासह.

“हे उघडायचं होतं तुला. आणि मी शिकवत होते.”
“मी प्रकाशकाला नाही म्हणणार होतो.”
“कधी?”
“सेली, आज सांगतो. आत्ता, तुझ्यासमोर फोन करतो.”
“नको.” फार हळू. “माझ्यासमोर नको. तू कर नाहीतर करू नकोस. पण मला दाखवून काही करू नकोस. सगळं कुणाला तरी दाखवायला असतं तुझं. चांगलं वागणंसुद्धा.”

उठली. दाराशी चप्पल घालताना, पाठमोरी: “पत्राचं उत्तर दे. काय द्यायचं ते दे. फक्त गंमत करू नकोस. एकदा.”

कप धुऊन ठेवून गेली होती. कधी धुतला, पाहिलं नाही.

६ ऑक्टो., सोम.
प्रकाशकाला नाही सांगितलं. म्हणाले, “अहो, कव्हर झालंय! बाई माऊस पायाखाली घेऊन बसलीय, काय झकास चित्र!” म्हटलं, चित्र राहू द्या, पुस्तक नको. संपादकांनाही कळवलं, ‘आमची ही’ बंद. त्यांनी विचारलं, मग आता कशावर? म्हटलं, माहीत नाही.

से.ला सांगितलं नाही. सांगणार नाही.

(इथे लिहिलं. म्हणजे दाखवण्याची सोय ठेवलीच आहे. जाऊ दे.)

१२ ऑक्टो., रवि.
मशीन चालतंय. बिघडत नाही. दोनदा पाच दारांतून आत जाऊन तो चौकोन पाहून आलो. तिची खूण आहे. हात लावला नाही.

प्रश्नावली भरायला बसलो. प्र. १, ओळख कशी झाली. लिहिलं. वाचलं. विनोदी झालंय. फाडलं.

प्र. १ पुन्हा. पुन्हा विनोदी. चांगला विनोद आहे, तेच वाईट.

१९ ऑक्टो., रवि.
मिस्सेनंतर फादरांना गाठलं. आमचे विरारचे. तरुण नाहीत, घाईत नाहीत. म्हटलं, प्रश्न अकरा समजत नाही. ‘अर्जदाराच्या खाजगी गोष्टी उघड करताना वेगळे वागणे आपल्याला शक्य होते का?’

फादर म्हणाले, “तोच खरा प्रश्न आहे, बाकी तेरा त्याचे वऱ्हाडी आहेत. बघ सायमन. ‘शक्य नव्हतं, माझा स्वभावच तो, पहिल्यापासून’ असं लिहिलंस तर तिचा अर्ज बळकट होतो. क्षमताच नव्हती, म्हणून विवाहच नव्हता. तिला हवं ते मिळेल.”
“आणि शक्य होतं असं लिहिलं तर?”
“तर विवाह खरा होता असं दिसतं. आणि दोष सगळा तुझा.”
“तिला कुठलं उत्तर बरं वाटेल, फादर?”
“ते मला नाही विचारलंय न्यायालयानं. तुलाही नाही. खरं काय ते विचारलंय.” मग थांबून, “तुला जड जाईल ते.”
माझे वाचक आहेत फादर. जानेवारीत हसलेही होते. आज त्यांनी तेही कबूल केलं, न विचारता.

२६ ऑक्टो., रवि.
तेरा प्रश्न झाले. लांबलचक नाहीत. विशेषणं काढली. उपमा काढल्या. उरलं ते शाळकरी पोरानं लिहिल्यासारखं दिसतं.

अकरावा बाकी.

सोपा रस्ता समोर आहे. शक्य नव्हतं. जन्मजात खोड. आम्ही असेच. तिला सुटका, मला दोषमुक्ती, न्यायालयाला शांती. एक ओळ लिहायची. उदारपणा म्हणून खपेल. नवऱ्यानं जाता जाता तिचं मागणं पुरं केलं. लोक म्हणतील, मोठ्या मनाचा.

पण ते खरं नाही. त्या शुक्रवारी लिहून झाल्यावर मी पाच मिनिटं थांबलो होतो. हे कुणाला माहीत नाही. ती आत झोपली होती, आठ दिवसांत पहिल्यांदा. मी दारातून पाहिलं. मनात आलं, विचारावं तिला. मग मनात आलं, ती नाही म्हणेल. म्हणून नाही विचारलं. म्हणून पाठवलं.

ती नाही म्हणेल हे ज्याला कळतं, त्याला अक्षम म्हणत नाहीत.

३० ऑक्टो., गुरु.
अकरावा लिहिला. तीन ओळी. “शक्य होतं. प्रत्येक वेळी शक्य होतं. मला तिचा नकार ठाऊक असायचा, म्हणून मी तिला विचारत नसे.”

संध्याकाळी पाचला से.ला फोन. शाळेतून घरी आली असेल अशा बेतानं.

“मशीन का?”
“मशीन बरं आहे.”
कोंबड्या. पास्कू कुणाला तरी, वाळत घातलेली केळी, ती सुकेळी, उन्हातून आत घ्या, म्हणून ओरडत होता.
“उद्या उत्तर द्यायचंय. अकरावा प्रश्न वाचून दाखवू का? तुझ्याबद्दल आहे. उत्तर जाण्याआधी तू ऐकावंस असं वाटलं.”
“आणि मी नको म्हटलं तर?”
“तर ठेवतो फोन.”

 मला वाटलं गेला फोन. कानापासून काढून पाहिलं, सेकंद पुढे जात होते.

“वाच.”

वाचलं. तीन ओळींना किती वेळ लागतो. मग तो शुक्रवार सांगितला, दारातून पाहिलं ते, पाच मिनिटं. कागदावर ते नाही, तोंडी सांगितलं.

“यानं माझा अर्ज पडेल,” म्हणाली. “तुला माहीत आहे?”
“फादरांनी सांगितलं.”
“मग मुद्दाम लिहिलंस? मला अडकवायला?”
“मला नाही सांगता येत. खरं आहे एवढंच माहीत आहे. तू सांगितलंस तर दुसरं लिहितो. शक्य नव्हतं असं लिहितो. पाकीट बंद केलेलं नाही.”
“माझ्या सांगण्यावर ढकलू नकोस.”
“बरं.”

तिनं फोन तोंडापासून दूर धरला असावा. मग पास्कूला म्हणालेली ऐकू आली, “येते रे, थांब जरा.” मग मला:

“ते पाच मिनिटांचं. ते कागदावर का नाही?”
“ते तुझ्यासाठी होतं.”

 कागद पुढ्यात ओढला.

“पुन्हा वाच,” म्हणाली. “पहिल्यापासून. सावकाश.”

वाचतोय म्हटलं, आणि पहिल्याच शब्दाला अडखळलो. ती थांबून राहिली; मग सगळं वाचलं, तिनं ऐकलं, आणि काय पाठव ते न सांगता फोन ठेवला. आता लिहितोय तर खाली कचऱ्याची गाडी आली आहे, पाकीट टेबलावर उघडं आहे, आणि उद्या दुपारी एकला विवाह न्यायालयाचं ऑफिस बंद होतं.